मरायचा निरोप

(मुठा गावातल्या घराची पडवी. भिकू, त्याची बायको फुलाबाई आणि आत्ताच मारुंजीहून आलेली सून अपेक्षा.)

अपेक्षा : मामा, तुमच्या बहिणीचा, ताम्हिणीच्या गोजराबाईंचा फोन आला मला. रडत होत्या. विचारत होत्या, मामांना घरात ठेवलंय की अंगणात.

भिकू : हाय की अजून खुर्चीत. तिला दम कुटं. मी नुसतं म्हणलं, उद्या येऊन तोंड बघून जा.

फुलाबाई : बघ बाई. सकाळधरनं सोताच्या मयताचा सांगावा सोताच धाडत्यात. मेल्याल्या माणसानं आपणहून कळवलं, असं कुटं ऐकलंस का?

भिकू : दुसऱ्यानं धाडला की नावं गाळत्यात. थोरल्या भावाच्या टायमाला साडू ऱ्हायलं कळवायचं, अजून बोलत न्हाईत.

अपेक्षा : पण मरणाचं तुम्हाला सांगितलं कुणी?

भिकू : डॉक्टरनं. काल दवाखान्यात तू बाहीर गोळ्यांच्या लायनीत हुतीस तवा. मला म्हणला, काका, आजवर मरायचा निरोप पोचत नव्हता, आता आपण तो पोचवू. उद्याच्या सलायनीतनं. लई गोड माणूस. म्हणलं, तुमी कशाला तरास घेता, मीच कळवतो समद्यांना.

अपेक्षा : अहो मामा, तो निरोप तुम्हाला नाही. तुमच्या लिव्हरमधल्या कॅन्सरच्या गाठीला.

भिकू : गाठ काय माझ्या बाहीर हाय?

अपेक्षा : ऐका जरा. मी प्रयोगशाळेत रोज हेच बघते. आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. एखादी पेशी बिघडलेली दिसली की त्या एक बारीकसा पदार्थ सोडतात. तो त्या पेशीला जाऊन चिकटला की आत निरोप जातो, तुझं झालं, आता आवर. मग ती पेशी स्वतःच स्वतःला मोडून टाकते.

भिकू : आपणहून?

अपेक्षा : आपणहून. आपण बोलतोय तोवरसुद्धा तुमच्या अंगात कितीतरी पेशी अशा गेल्या. त्या गेल्या म्हणून नव्यांना जागा झाली.

फुलाबाई : शाण्या हायेत बिचाऱ्या.

अपेक्षा : ही गाठ मात्र निरोप घेतच नाही. वर राखणदारांनाच गप्प बसवते. उद्याच्या औषधानं त्यांचं तोंड मोकळं होईल.

फुलाबाई : म्हंजी गाठ ह्यांच्याच वळणावर गेली. लगीन झाल्यापासनं सांगतीया, एक सबूद आत जात न्हाई.

भिकू : तू राखणदार हायस व्हय?

फुलाबाई : मग कोण? लिव्हरचं नाव ऐकून गावानं दारूची आवई उठवली, तवा चावडीवर जाऊन कोण भांडलं?

भिकू : च्याबिगर काय प्यालो न्हाई मी.

अपेक्षा : दारूचा संबंधच नाही मामा. मागं कावीळ झाली होती ना, तिचा विषाणू आत राहिला. त्यातनं हे झालं.

भिकू : हे चावडीवर सांग. आन मला एक सांग, राखणदार मोकळं सुटलं आन घरच्यांनाच चावलं तर?

अपेक्षा : होतं तसं कधी कधी. पुरळ येते, जुलाब लागतात, चांगल्या भागालाही सूज येते. म्हणून तर दर वेळी रक्त तपासतात.

भिकू : आन गाठीनं ऐकलंच न्हाई तर?

फुलाबाई : खरं काय ते सांग की गं.

अपेक्षा : सगळ्यांच्या गाठी ऐकत नाहीत, मामा. काहींच्या विरघळतात, काहींच्या नुसत्या वाढायच्या थांबतात. काहींच्या नाहीच ऐकत.

भिकू : डॉक्टर असं बोलला न्हाई.

अपेक्षा : मीसुद्धा बोलणार नव्हते.

भिकू : आता खरं सांगतो. उद्या मी जाणारच न्हवतो. दवाखान्यातल्या पलंगावर, नाकात नळी घालून जायचं मला भ्या वाटतंया. त्यापरीस हितं पडवीत, समदी जमल्याली असताना गेलो तर बरं. म्हून बोलावली समदी.

फुलाबाई : आन मला इचारलं न्हाई.

भिकू : तुला इचारलं असतं तर असं हितं मरू दिलं असतंस?

फुलाबाई : न्हाई.

भिकू : मग.

फुलाबाई : मग काय मग? तुमी पावण्यांची नावं मोजत बसलात, मी आत चुलीम्होरं रडत हुते. तेवढं बरं ऐकू आलं न्हाई.

भिकू : आलं हुतं. म्हून तर फोनवर मोठ्यानं बोलत हुतो.

अपेक्षा : मामा, उद्या चला. एवढंच म्हणते.

भिकू : औषध लागू न्हाई पडलं तर मला हितं आणशील?

अपेक्षा : आणीन. आणि तुम्हाला सांगून आणीन.

भिकू : डॉक्टरागत गोड नगं.

अपेक्षा : नाही. सरळ सांगीन.

भिकू : मग तुझ्या नवऱ्याला म्हणावं, गाडी येरवाळी काढ. काल पिरंगुटात लई गर्दी हुती.

फुलाबाई : आन गोजरा येष्टीतनं रडत उतरंल, तिला काय सांगू? मयत सलाईन लावाया गेलंय?

भिकू : म्हणावं, सांगावा खरा हुता. घर चुकलं.

फुलाबाई : तसंच सांगते. पर सांजच्याला माघारी या. मला खोटी पाडू नगा.