न जगलेल्या आयुष्याचा आवाज

कलाप्रदर्शनातल्या अंधाऱ्या खोलीच्या दारावर लिहिले होते: ‘आत या, न जगलेले आयुष्य ऐका.’ तत्त्वज्ञानाची एवढी स्वस्त विटंबना मी पाठ्यपुस्तकांबाहेर पाहिली नव्हती. तरीही रांगेत उभा होतो. माझ्यापुढचे निवृत्त गृहस्थ दाराला कान लावून होते. त्यांची गायिका पत्नी बाहेर आली.

“काय ऐकलंस?”

“व्हायोलिन.”

“म्हणजे तोच. माझ्यासाठी ज्याला नाकारलंस तो.”

“अहो, चाळीस वर्षं झाली, आता तरी सोडा त्याला!”

“कसा वाजवत होता?”

“निर्दोष. एक सूर इकडचा तिकडे नाही.”

“मग राहायचंस तिथेच. इथे काय, माझं न्हाणीघरातलं रेकणं!”

“रेकणंच. शेजारी खिडक्या लावून घेतात.”

“बघ! पस्तावलीस ना?”

“पूर्ण ऐकाल का? तो वाजवत होता आणि मी टाळ्या वाजवत होते. माझा आवाज शोध शोध शोधला, कुठेच नव्हता.”

“आणि इथे?”

“तुम्ही बेसूर आहात. पण मी गायला लागले की गप्प बसता.”

गृहस्थ काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात जिना उतरता उतरता तिने सूर लावला, आणि ते तोंड मिटून तिच्या मागोमाग उतरू लागले.