ताणाला बसलेला माणूस

—नाही नाही, पुन्हा मोजू नकोस, पट नऊच आहेत. दहा सांगितले होते, कॅटलॉगात दहा छापलेत, तेही ठाऊक आहे, फोनवर मीच तर सांगितलं होतं— पण आहेत नऊ. आधी बस तरी! गॅलरीने टेम्पो पाठवला, टेम्पोबरोबर तुला पाठवलं, आणि मी चहासुद्धा न विचारता परत पाठवलं तर तुमच्या मॅडम म्हणतील, म्हातारी खडूस आहे. आहेच मी खडूस. अगं, त्या खुर्चीत नको! तिला दहावा बांधलाय, दिसत नाही का? ते स्टूल घे.

हा कमरेचा माग. कधी बघितला नव्हतास ना? आणि त्यावर कॅटलॉगात दोन पानं लिहिलीस, धन्य आहे तुझी! एक टोक माझ्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं समोर कशाला तरी. मी मागे रेलले की उभे धागे ताठ, पुढे झुकले की सैल— झालं, एवढंच. डोंगरावर शिकले मी हे, तिथल्या एका आजीकडे. पहिल्या दोन वेळा एकटीच गेले. चार वह्या भरून आणल्या, लोकर आणली, रंग आणले, नक्षीन् नक्षी उतरवून घेतली, आणि इथे येऊन ह्या खिडकीच्या गजाला माग बांधला नि विणायला बसले. काय झालं? पायपुसणं! दोन वर्षं मी पायपुसणी विणली. आधी वाटलं लोकर चुकली, मग वाटलं इथली हवा चुकली, मग वाटलं आपलं वय झालं.

तिसऱ्या वेळी आमचे हे, पोस्टमास्तर, रिटायर झालेले, म्हणून बरोबर आले. आणि अख्ख्या प्रवासात, तिथे पोचल्यावरही, काय कुरकुर ती— गुडघे दुखतात, पाणी गार आहे, पेपर तीन दिवसांचा शिळा आहे! शेवटी ती आजी कंटाळली, आणि तिने काय करावं? आपल्या मागाचं दुसरं टोक उचललं नि ह्यांच्या कमरेला बांधून टाकलं! म्हणाली, बसा ताणाला. तिथे गज नाही नि खांब नाही— समोर माणूस बसवतात, घरात जो रिकामा असेल तो. तिचा म्हातारा बसायचा रोज, त्या दिवशी तो खाली ओढ्यावर लोकर धुवायला गेला होता. आणि मी, दोनदा जाऊन, चार वह्या भरून, हे बघितलंच नव्हतं! म्हणजे बघितलं होतं— मला वाटायचं, म्हातारा गप्पा मारायला बसलाय. वहीत मी त्याच्या जागी खुंटी काढली होती. चित्र नीट दिसावं म्हणून! हस, हस. मीसुद्धा हसले होते. नंतर.

परत आल्यावर ह्यांना त्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, पेपर वाचा आणि हलू नका. हलायचेच! पान उलटायचे, शब्दकोड्यात अडले की पुढे वाकायचे, पाय मोकळे करायचे— मी ओरडायची, आणि कापड असं जिवंत व्हायला लागलं की काय सांगू. तुमच्या त्या समीक्षकांनी लिहिलंय ना, डोंगराचा श्वास म्हणून? चौथा उलगड. ही लाट दिसतेय? ही शिंक आहे. पुढची दुसरी शिंक, ही तिसरी. ह्यांना सर्दी झाली होती. सांगू नकोस हं कुणाला!

आता कुठे आहेत? तेच तर सांगतेय ना. तो म्हातारा गेला हिवाळ्यात. पत्र आलं तसे हे निघाले भेटायला, आठ दिवसांसाठी. मलाही चल म्हणाले, मी म्हटलं, मला प्रदर्शनाचं काम आहे. असं म्हटलं मी— चहा गार होतोय बघ तुझा. तर आठ दिवसांचे चार महिने झाले. आजीचा एक पट अर्धा राहिलाय, सुना शेतात जातात, तिच्यासमोर बसायला कोणी नाही, तेवढा होऊ दे, असं लिहितात. आणि म्हणे, इथे मी अजिबात कुरकुरत नाही! मग ह्या घरात चाळीस वर्षं काय करत होते? मला राग येतो बाई. तिचं दुःख कळतं मला, पण हेवा वाटतो तिचा, वाटतो, काय करू? घर खायला उठतं.

सगळं करून बघितलं गं. खुर्चीत उशा ठेवल्या, जाडे शब्दकोश ठेवले. शेजारच्या काकांना बसवलं— ते घोरायला लागले. आणि कापड पुन्हा सपाट. हे एवढं चार बोटं काल विणलं, सकाळी उसवलं. हे सहाव्यांदा.

शुक्रवारी उद्घाटन आहे, माहितीये मला! डोंगराने मला काय दिलं, असं भाषणसुद्धा लिहून ठेवलंय, टेबलावर आहे, तूच वाच. नाही, तब्येत ठणठणीत आहे माझी. मी नाही येत. उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय— परवाच काढलं, तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता. मॅडमना सांग, दहावी जागा भिंतीवर मोकळी ठेवा.

काय म्हणालीस? तिचा पट अजून झाला नसेल तर? एक माणूस दोघींना कसा पुरायचा— हुशार आहेस. नसेल झाला तर ह्यांना उठवेन, म्हणेन, जा, पाय मोकळे करून या. आणि मी बसेन आजीसमोर. कर की आश्चर्य! चाळीस वर्षं हा माणूस मी म्हणेन तिथे बसला, आणि मी कधी कुणाच्या ताणाला बसलेय का? एकदाही नाही. कुणाच्याच नाही. मला तर... मला तर ते जमेल की नाही, तेही ठाऊक नाही.

जा बाई आता. टेम्पोवाला खोळंबलाय. आणि दार ओढून घे, मला बॅग भरायचीये.