साहेबांच्या परडीतले पहिले टोमॅटो

सन्माननीय अध्यक्ष, लोणखेड्याचे सरपंच चुनीलालभाई, आजचे सत्कारमूर्ती, शेती विस्तार अधिकारी गुलाबसिंग गिरासे साहेब, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले मान्यवर, आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या महिला मंडळाच्या मैत्रिणींनो,

साहेबांची बदली झाली आहे, तेव्हा चांगलंच बोला, असं मला बजावलं आहे. काळजी नसावी. कॉन्व्हेंटमध्ये आज्ञाधारकपणाचं बक्षीस मला सलग तीन वर्षं मिळालं होतं.

सत्तावन्न साली साहेबांनी आम्हाला लवकर पिकणाऱ्या टोमॅटोचं बी दिलं. लावणीपासून साठ दिवसांत फळ लाल! दिवाळीआधी शहाद्याच्या बाजारात आपला माल एकटा असतो; पुढे सगळ्या गावांचा आला की ढोरांपुढे टाकायची वेळ येते, हे त्यांनीच समजावलं. परसातही चार झाडं लावा म्हणाले. त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. आजच्या भाषणातलं एवढं वाक्य तरी खरं धरा.

कृतज्ञ माणसं काय करतात? पहिल्या तोड्याच्या फळांची परडी साहेबांच्या बंगल्यावर पाठवतात. पहिल्या वर्षी मीच ती टांग्यात मांडीवर धरून नेली. साहेबांनी नको नको म्हणत दोन्ही हातांनी घेतली. दुसरा तोडा बाजारात गेला. आणि बी? ते शेवटी पिकलेल्या झाडांचं धरलं. पुढच्या वर्षी साठाचे सत्तर दिवस झाले, मग ऐंशी. साहेबांनी चौकशी केली आणि अहवालात लिहिलं की बायका चुकीच्या वेळी पाणी देतात. किती बारीक नजर!

खरी चूक ओळखली ती शाळेचं तोंड न पाहिलेल्या आमच्या मंडळातल्या तुळशीबाईने. परसात मोरीच्या पाण्यावर तिची बारा झाडं. मला म्हणाली, "बाई, पयलं फळ सायबले, दुसरं बजारले, नि बी उरेल-सुरेलनं. टमाटा बिचारा का करी?"

मला आमच्या सिस्टर आठवल्या. कॉन्व्हेंटच्या मळ्यात सगळ्यांत आधी पिकणाऱ्या झाडाला त्या निळी फीत बांधायच्या. ते बियाण्याचं झाड. त्याचं फळ मदर सुपिरिअरलाही मिळत नसे. आम्ही मुली त्या फितीकडे बघत उकडलेला भोपळा गिळायचो. काय गोड दिवस होते! चाळीस वर्षं ती फीत माझ्या डोळ्यांसमोर होती, तरी परडी माझ्याच मांडीवर. शिकल्या-सवरल्याचा हा असा उपयोग.

मी फितीचं सांगितलं, तशा तुळशीबाईने आधी पिकणाऱ्या झाडांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. तीन वर्षं फक्त पहिल्या झाडांचं बी धरलं. गेल्या दसऱ्याच्या सुमारास तिची झाडं एकसष्टाव्या दिवशी लाल झाली, आणि बंगल्यावरचा शिपाई परडी न्यायला हजर.

"सायबले सांग, ह्या झाडले हात लावाना नही," ती म्हणाली. "मन्हा पोरेसनी बी चाखं नही."

त्यानंतर आठ दिवसांत, यंदा लावणीला मिळणाऱ्या, पंपाचं पाणी असलेल्या सरकारी प्रात्यक्षिकाच्या अर्ध्या बिघा जमिनीसाठी केलेल्या यादीतून तिचं नाव खोडलं गेलं. अर्थात योगायोग! साहेबांच्या कारकिर्दीत योगायोगाचं पीक कधी बुडालं नाही.

आता त्याच बियाची रोपं तिच्या वाफ्यात वीतभर झाली आहेत. परसात ती मावणार नाहीत. आठवड्यात जमिनीत गेली नाहीत, तर तिची तीन वर्षं आणि गावाचा लवकरचा टोमॅटो, दोन्ही वाळून जातील.

साहेब, उद्या तुम्ही चार्ज देणार. आजच्या दिवस यादी तुमच्याच सहीने चालते. चुनीलालभाईंनी ती आणली आहे, पेन माझ्याकडे आहे. तुळशीबाईचं नाव पुन्हा लिहा, मग हार घालून घ्या. हसू नका, खिशातला चष्मा काढा.

साहेबांचे, अध्यक्षांचे आणि इतकं ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर साहेबांनी पोटात घालावं. सात वर्षांत एवढं घातलं, हेही मावेल.

आणि बायांनो, सही वाळेपर्यंत टाळ्या थांबवू नका.