माफीचा अर्ज

—नाही नाही, टाइपवाले भाऊ, 'दयेची विनंती' नको — 'माफ केलं' लिहा. सरळ. मी, जुलेखा, निसारची आई, दत्तूला माफ केलं, त्याची फाशी सोडा. आता काय झालं? चालत नाही? का नाही चालत? पोरगा माझा गेला, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, माझ्या डोळ्यांसमोर — आणि माफ करायचा हक सरकारचा? आमच्यात, भाऊ, वारसानं माफ केलं तर मारणाऱ्याचा जीव सुटतो. मौलवीसाहेबांना विचारून आले मी. जीव ही अल्लाची अमानत, बोलले, तो घेणारे आपण कोण. काय? तुमच्या कायद्यात पण हाय? हरेकाला जगायचा हक — साऱ्या जगानं मान्य केलंय? मग दत्तूला दोरी कशी लावतात? असू दे. वरचं तुमच्या पद्धतीनं लिहा, माफीचं माझ्या.

चहा नको. हो, शेजारीच ना — तुर्भ्याला मधे एकच भिंत, पलीकडे विमलबाई, दत्तूची आई. दोघं पोरं एकाच टोळीत, गोण्या उचलायची. त्या दिवशी ट्रक कोणी खाली करायचा त्यावरनं वाजलं. नेहमीचंच. मी डबा घेऊन गेले, दुपारची सुट्टी, गाळ्यात तिसरं कोणी नाही — जाऊ दे ते. लोक बोलतात जुलेखाबीचं काळीज मोठं. कसलं मोठं, भाऊ! विमलबाई तुरुंगात पोराला भेटायला जात नाही. दीड वर्ष झालं. मी बोलले, जा गं, हायकोर्टानं पण फाशी कायम केली, किती दिवस राहिलेत त्याचे — तर भांडी घासता घासता म्हणते, "झोपलेल्या माणसावर गोणीचा हूक चालवणारा माझ्या पोटचा नाय. तो सांगतो निसार आधी धावून आला. पण तू बघितलंस ना, जुलेखा? तू कशाला खोटं बोलशील?" असं बोलली, आणि परत भांडी घासायला लागली. तिला काय सांगणार — झोपला नव्हता गं म्हणून?

मशीन का थांबवलंत? ... नव्हता झोपला. आता निघालंच तोंडातनं तर ऐका. माझा निसार जागा होता. हूक त्यानंच आधी उचलला — दत्तूनं हिसकावला नि घातला. निसार माझ्याकडे बघत बघत खाली बसला, डब्याजवळ. पोलीस विचारायला लागले, पहिला हात कोणाचा? मेलेल्या पोराला गुंड म्हणू मी? आई ना मी! बोलून गेले — झोपला होता माझा बच्चा. मग कोर्टात पण तेच. जज्जसाहेबांनी माझ्या त्या बोलण्यावरच फाशी दिली, झोपेत मारलं म्हणून. खोटी साक्ष दिली मी, भाऊ, नमाजाला बसले तरी तीच आठवते. आणि त्याला माफ करायला आलेय. मी!

तो कागद काढा. काढा म्हणते ना. कोरा घाला. मला आत टाकतील तर टाकू देत. निसार जागा होता — हे आधी लिहा. आणि एक कार्बन जादा घाला, विमलबाईसाठी. घेईल कोणाकडनं वाचून. माझ्या तोंडानं नाही व्हायचं ते. अंगठ्याची शाई कुठाय?

आता काही बोलू नका. टाइप करा.