अर्धी भाकरी

माझ्या नवऱ्याच्या पोटाला तुम्ही हसता ना, पूर्वी मीही हसायचे. नव्वद किलोचा माणूस, आणि सासूबाई अजून न विचारता त्याच्या ताटात अर्धी भाकरी जास्तीची टाकतात.

मग मला दिवस गेले. मुलुंडच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं आणि झापलंच. "आधीच बेचाळीस किलो, त्यात पाचवा महिना लागला तरी काटा हलत नाही. तू खाल्लं नाहीस तर बाळ वाढणार कुठून?"

घरी सासूबाई दुसरी भाकरी वाढायला आल्या. मी ताटावर हात आडवा धरला. "नको, आई. ऑफिसमधल्या मुली म्हणतात, जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं, मग सिझर करावं लागतं."

त्या भाकरी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझी सासू हेच म्हणायची गं. शेवटचे तीन महिने मला अर्धीच भाकरी वाढायची. मूल लहान राहिलं की बाई लवकर सुटते म्हणे."

"मग?"

"सुटले ना, अगदी लवकर. हा तुझा नवरा पावणेदोन किलोचा झाला. महिनाभर काचेच्या पेटीत होता. मी बाहेर बसून नुसती बघायचे."

मी ताटावरचा हात काढला.

आमची सई तीन किलोची झाली. नवऱ्याच्या ताटात ती अर्धी भाकरी अजून पडते. तो म्हणतो, "आई, बास आता." मग मीच त्याला डोळ्यांनी खुणावते, गप खा म्हणून.