डाव्या पायाची चप्पल

पल्लवी : आये, डालगं झाक! वरच्या आळीतला गोमाकाका येतोय चप्पल शोधत.

शालन : येऊ दे. सगळ्यांची डावी-डावी आत गेली ना?

पल्लवी : हो. पण लोक शिव्या देतील.

शालन : देऊ देत. ज्याची चप्पल हाताला येल त्याच्या शेजारी बसायचं, एका पानावर शेंगा खायच्या. गेल्या साली शेंगा खायला बोलावलं तवा काय झालं? वरची आळी तिकडं, आपला बुद्धवाडा इकडं, मधी कुत्री. आवंदा तसंच झालं तर परत कोणाला बोलवायची नाय मी.

गोमा : शालन! माझी एक चप्पल कुठाय गो? लंगडी घालत घरी जाऊ काय?

पल्लवी : काका, डालग्यात हात घाला. येल ती उचला.

गोमा : दुसऱ्याची चप्पल? मी?

शालन : तुमची भावजय बघा. आमच्या वाड्यातल्या धाऊची चप्पल डोक्यावर धरून नाचतेय.

गोमा : सकू? ती सोताच्या लग्नात नाचली नाय!

पल्लवी : मग आज वसूल करतेय.

गोमा : मेलो... ही घ्या. ही कोणाची? अंगठा तारेनं बांधलाय.

पल्लवी : आये, तुझी!

शालन : माझी? मी कुठं टाकलेली? मला वाढायचंय.

पल्लवी : मी टाकली. तुला बसायला टाइमच नसतो. मी वाढते, बस.

शालन : काका, ठेवा ती. दुसरी उचला.

गोमा : का? नियम तुझाच ना?

शालन : माझाच. पण तुमच्याकडं भाताच्या लावणीला यायची तवा तुमची आय वरून पाणी ओतायची, मी ओंजळीनं प्यायची. ते गिळून गोड हसत नाय बसणार मी.

गोमा : आय गेली गो.

शालन : तुमी होतात की. ओट्यावर, दोरी वळत.

गोमा : ...बस आता. शेंगा गार होतात. पल्लवी, पान मोठं आण, तुझी आय दणकून खाते!

पल्लवी : काका, दमानं! मिरचीचा ठेचाय तो—

गोमा : हाऽऽ! मेलो! पाणी! पाणी दे गो!

शालन : ओंजळ करा. वरून ओतते.

(गोमा खोकत खोकत हसू लागतो. सकुबाईच्या हातातली चप्पल खाली पडते.)

गोमा : मारशील मला! तांब्या दे इकडं.

शालन : उष्टाय. आत्ताच तोंड लावलं मी.

गोमा : असू दे. दे.