शेवटच्या प्रकरणाला पिना

दातांच्या दवाखान्यात पोस्टमन सुजलेला गाल धरून बसला होता. समोरच्या बाकावर चर्चचे पाळकसाहेब आणि त्यांची बायको, पाळकीणबाई. साहेबांच्या मांडीवर जाडजूड रहस्यकथा, आणि तिच्या शेवटच्या प्रकरणाला तिन्ही उघड्या बाजूंनी स्टेपलरच्या पिना.

"अगं, निदान एक तरी पिन काढ."

"उद्याचा उपदेश लिहून झाला की सगळ्या काढते."

"डोक्यात तयार आहे."

"डोक्यात काय तयार असतं ते मागच्या रविवारी अख्ख्या मंडळीने ऐकलंय."

"खुनी मला कळलाय गं. फक्त खात्री करायचीय. माळीच तो."

"कशावरून?"

"कोणाशी धड बोलत नाही. चिखलाचे बूट घालून घरात शिरतो. पहिल्या पानापासून माझा संशय त्याच्यावरच."

"माळी नाहीये."

"म्हणजे तू वाचलंस?"

"पिना मारायच्या आधी. तो बिचारा शेवटी घरातल्या पोरांना वाचवतो."

साहेबांनी पुस्तक बाईंच्या हातात दिलं.

"तीनशे पानं मी त्याला फासावर चढवत होतो. नुसत्या बुटांवरून."

"हं."

"पेन आहे तुझ्याकडे?"

"कशाला?"

"उद्याचा उपदेश मिळाला!"

तेवढ्यात नर्सने हाक मारली, "पाळकसाहेब, चला."

"आधी यांना घ्या. गाल बघा त्यांचा. मला अर्धा तास लागेल."

पोस्टमन उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

"पण बाई, मग खून केला कोणी?"

"उद्या साडेनऊला उपासनेला या," पाळकीणबाई पिना चाचपत म्हणाल्या. "अगदी शेवटी सांगतील."